दोन घटिकांना आठ मिनिटे कमी

बुधवारी रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या तोंडून 'परंतु' एवढा एकच शब्द बाहेर पडला, आणि माझ्यासमोर चौकोनाचौकोनांत बसलेली एकवीस माणसे, त्यांच्या मागच्या भिंती, भिंतींवरची कालनिर्णये, एकाच्या खांद्यावरून डोकावणारे त्याचे धाकटे पोर आणि दुसऱ्याच्या अंगणात बांधलेल्या गाईचे शिंग, हे सारे एका क्षणात नाहीसे होऊन काळ्या काचेत मला माझा चष्मा तेवढा दिसू लागला. यात गूढ असे काही नाही. ज्या झूम नामक व्यवस्थेच्या आश्रयाने मी हा वर्ग चालवितो, ती फुकट वापरणाऱ्यांना चाळीस मिनिटांची मुदत देते, आणि मुदत सरली म्हणजे वक्ता वाक्याच्या आरंभी आहे, मध्यावर आहे की पूर्णविरामाशी येऊन ठेपला आहे, याचा तिळमात्र मुलाहिजा न ठेवता पडदा पाडते. ती आधी सूचना देते, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु पस्तीस वर्षे रात्रपाळीच्या घड्याळाकडे पाहत काढल्यावर निवृत्तीत तरी घड्याळाकडे पाहू नये, असा मी निश्चय केला होता, आणि त्याचे प्रायश्चित्त दर बुधवारी मला मिळते.

माझ्या लहानपणी, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात, आत्याच्या लग्नात घंगाळात सोडलेले घटिकापात्र मी पाहिले होते. बुडाला बारीकसे छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यावर डुलत राही, तिच्यात पाणी चढत जाई, आणि चोवीस मिनिटे भरली की ती कसलाही आवाज न करता बुडे. जोशीबुवा तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होते, त्या नजरेने पुढे मी कुणालाच कशाकडे पाहताना पाहिले नाही. दोन घटिकांचा एक मुहूर्त होतो, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. तेव्हा आम्हांला मिळणारा काळ मुहूर्ताहून आठ मिनिटांनी उणा. मला जे खरोखर सांगावयाचे असते ते नेमके त्या न मिळालेल्या आठ मिनिटांतच येते, अशी माझी आताशा समजूत होऊन बसली आहे. तोच दुवा पुन्हा दाबून वर्ग पुन्हा भरविता येतो, आणि आरंभी आम्ही तसे करीतही असू. परंतु एकदा उठलेली पंगत पुन्हा बसत नाही. कुणाचे जेवण ताटात पडलेले असते, कुणाला दुकान बंद करावयाचे असते, कुणाकडची वीज गेलेली असते.

हा वर्ग टाळेबंदीचे अपत्य होय. मार्च २०२० च्या अखेरीस सारा देश घरात बसला. एप्रिलात राज्य सरकारने वर्तमानपत्रे घरोघरी टाकण्यासही मनाई केली, तेव्हा श्रमिक पत्रकारांच्या संघटना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेल्या, आणि काही दिवसांतच तो हुकूम सैल होऊन मुंबई-पुण्याच्या परिसरापुरता व प्रतिबंधित क्षेत्रांपुरता उरला. त्या दिवसांत गोंदिया आणि गडचिरोलीकडच्या दोघा-तिघा वार्ताहरांचे मला फोन आले. माझ्या हाताखालून त्यांचा मजकूर वर्षानुवर्षे गेला होता, त्यांतल्या एकाचेही तोंड मी पाहिलेले नव्हते. "घरी बसून आहो, सर," त्यांतला एक म्हणाला, "तुमी बी घरीच असान. काही शिकवा ना जी." मला त्या वाक्यातल्या 'जी'ने जिंकले. शिकवावयाचे काय, हे मात्र माझे मलाच ठाऊक नव्हते; कारण ज्याला हल्ली साधने म्हणतात, म्हणजे छायाचित्राचा उगम शोधणे, पुसून टाकलेले संकेतपृष्ठ पुन्हा उकरून काढणे, उपग्रहाच्या डोळ्याने जमीन पाहणे, त्यांतले मला एकही येत नव्हते. ते मी पुण्याच्या भाचीकडून टप्प्याटप्प्याने शिकलो, आणि एक धडा पुढे राहून शिकविणाऱ्या बिचाऱ्या शिक्षकांच्या प्राचीन परंपरेत सामील झालो.

या कामी जगात काय चालले आहे, तेही मला तेव्हाच कळले. टेक्सास विद्यापीठाचे ऑस्टिन येथे पत्रविद्येचे एक केंद्र आहे, नाइट केंद्र म्हणून ते ओळखले जाते. ते २०१२ पासून दूरदेशींच्या पत्रकारांसाठी विनामूल्य वर्ग चालविते, आणि मे २०२० मध्ये युनेस्को व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने महासाथीच्या वार्तांकनावर त्याने असाच एक वर्ग उघडला. त्याच्या आधी, जून २०१८ मध्ये, गूगलने भारतातल्या आठ हजार पत्रकारांना इंग्रजी आणि सहा देशी भाषांतून पडताळणीची विद्या शिकविण्याचे जाहीर केले होते, त्या सहांत मराठीही होती. हे सारे वाचून माझ्या एकवीस जणांच्या शाळेची मला थोडी लाज वाटली आणि थोडा अभिमानही वाटला. समुद्राच्या शेजारी आपली विहीर आहे, एवढे कळले म्हणजे विहिरीचे पाणी काही खारट होत नाही.

नागपूरला हा व्यवसाय शाळेत शिकण्याची कल्पना मात्र नवी नाही. १९५२ साली हिस्लॉप महाविद्यालयात पत्रविद्येचा विभाग निघाला, आणि तो उभा करण्यासाठी रोलँड वुल्सली नावाचे अमेरिकन प्राध्यापक समुद्र ओलांडून येथे आले. सिराक्यूजच्या हिमवर्षावातून निघालेला तो गृहस्थ नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांआड बसून बातमीचा आरंभ कसा करावा हे सांगतो आहे, हे दृश्य मी कधी पाहिले नाही, पण ते माझ्या मनात इतके पक्के रुजले आहे, की त्या वर्गात मीच मागच्या बाकावर होतो असे मला वाटते. शिकविणाऱ्याने विद्यार्थ्याकडे जावे, या धर्माचा तो शेवटचा काळ असावा. आणि त्याच्याही मागे गेले, तर ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टनमधले अध्यापकच होते. दर सहा जानेवारीला आम्ही त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आणि मराठी पत्रकारितेचा मूळपुरुष पेशाने मास्तर होता ही गोष्ट भाषणाच्या पहिल्या परिच्छेदातच विसरून जातो.

मी स्वतः हिस्लॉपच्या विभागात गेलो नाही. ज्या गावात 'हितवाद' १९११ पासून निघतो आहे, ज्या गावात गोपाळराव ओगल्यांनी 'महाराष्ट्र' चालविला आणि माडखोलकरांसारख्या कादंबरीकाराने 'तरुण भारत'चे संपादकपद सांभाळले, त्या गावात पत्रकार होण्यासाठी पदवी लागते, हे आमच्या पिढीला थोडे हास्यास्पदच वाटे. मी एका दैनिकाच्या कचेरीत सायकलीवरून शिरलो, आणि माझे सारे शिक्षण एका निळ्या पेन्सिलीने केले. ती पेन्सिल आमच्या मुख्य उपसंपादकांच्या कानावर असे. त्यांनी मला उभ्या आयुष्यात एकही नियम सांगितला नाही. मी भाषांतर करून आणलेला कागद ते समोर धरीत, चहाचा घोट घेत, आणि एखाद्या विशेषणावर पेन्सिल नुसती टेकवून ठेवीत. खोडीत नसत, टेकवून ठेवीत. तेवढ्या अवधीत ते विशेषण माझ्याच डोळ्यांना असे काही ओंगळ दिसू लागे, की मीच हात पुढे करून ते खोडीत असे. त्यानंतर ते पान मागे सारून जुळाऱ्यांच्या खोलीकडे निघून जात. त्या खोलीतला शिशाचा आणि रॉकेलचा वास, गॅलीवर पडणारा थकलेला पिवळा उजेड, 'डाक आवृत्ती गेली का' म्हणून खालून येणारी आरोळी, हे सारेच त्या पेन्सिलीच्या शिकवणीत मिसळलेले होते, आणि त्यांतले काय काढून टाकले असता शिकवण उरली नसती, हे आजही मला सांगता यायचे नाही.

पडद्यावर ती पेन्सिल टेकविता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. सर्वांना दिसेल असा मजकूर पुढे ठेवावा, बाणाचे टोक एखाद्या शब्दावर न्यावे आणि गप्प बसावे; तर तीन सेकंदांत तिकडून आवाज येतो, "सर, आवाज येऊन नाही राहिला." दूरस्थ वर्गात मौन हा बिघाड समजला जातो. मग मला बोलावे लागते. जे कधी कुणी मला शब्दांत सांगितले नाही ते शब्दांत सांगावे लागते, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानी येते, की त्यातले निम्मे मला स्वतःलाच नीटसे उमगलेले नव्हते.

माझ्या विद्यार्थ्यांना काय म्हणावे, हाही एक पेच आहे. धंतोलीत पंचशील चौकाजवळ टिळक पत्रकार भवन आहे; त्याच्या पायऱ्यांवर मी ज्या संघटनेचा सभासद म्हणून अर्धे आयुष्य घालविले, तिच्या नावात 'श्रमिक पत्रकार' असे शब्द आहेत. ही जोडी मला फार आवडते. लेखणीला घाम फुटतो, हे मान्य करणारी अशी दुसरी संज्ञा मराठीत नसेल. १९५५ च्या कायद्याने त्या संज्ञेला व्याख्या दिली: पत्रकारिता हा ज्याचा प्रमुख व्यवसाय, तो श्रमिक पत्रकार. आता माझ्या एकवीस जणांवरून नजर फिरविली तर काय दिसते? दोघे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, चौघे वर्तमानपत्रांचे वितरक, एकाचे किराणा दुकान, एकाचे छायाचित्रालय, एक शिलाईकाम करणारी बाई, आणि उरलेल्यांची दोन-चार एकर धानाची शेती. पहाटे चारला उठून गठ्ठे फोडणारा आणि रात्री दहाला ग्रामसभेची बातमी पाठविणारा हा मनुष्य कायद्याच्या व्याख्येत श्रमिक पत्रकार ठरत नाही, कारण पत्रकारिता हा त्याचा प्रमुख व्यवसाय नव्हे. ती त्याची खोड आहे, किंवा व्यसन आहे, किंवा गावातली त्याची पत आहे. त्याच्या बातमीवर त्याचे नावही नसते. गावाचे नाव आणि त्याखाली 'वार्ताहर', एवढीच त्याची मुद्रा.

या वार्ताहराची आणि कचेरीची गाठ पूर्वी एसटीच्या चालकामार्फत पडे. अहेरीहून, आरमोरीहून, तिरोड्याहून गाडी सुटताना एक लांबट पाकीट, वर मोठ्या अक्षरांत 'प्रेस मॅटर' असे लिहिलेले, चालकाच्या खिडकीतून आत जाई. गणेशपेठच्या बसस्थानकावर आमचा शिपाई दर गाडीला उभा राहून अशी पाकिटे गोळा करी, आणि ती माझ्या मेजावर येऊन पडत तेव्हा त्यांना बिडीचा, डिझेलचा आणि कधी कधी चालकाच्या शिदोरीतल्या ठेच्याचा वास येत असे. पेशव्यांचा नागपुरातला वकील भोसल्यांच्या दरबारची खबर पुण्यास लिहून धाडी आणि जासूदजोडी ती घेऊन धावे, त्यात आणि यात फरक एवढाच, की वकिलाच्या पत्राला पुण्याहून उत्तर जाई. आम्ही उत्तर कधी धाडले नाही. त्या पाकिटातल्या चार पानांच्या मी चार ओळी करीत असे, उरलेले कागद टेबलाखालच्या टोपलीत जात, आणि तिसऱ्या दिवशी डाक आवृत्ती त्या गावी पोहोचली म्हणजे वार्ताहराला आपल्या चार पानांचे काय झाले ते कळे.

हे सारे मला त्या वेळी अगदी शिरस्त्याचे वाटत होते. परंतु वर्ग सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी, "कचेरीत बसून शिकण्यात जी मजा होती ती या काचेतून येणार नाही," असे काहीसे मी हळहळून बोललो असता, लाखनीकडचा एक वितरक सहज म्हणाला, "आमी कवा बसलो जी कचेरीत?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विधानभवनाजवळ जो झीरो माइलचा स्तंभ आहे, ज्याच्या बाजूला चार घोडे उधळलेले आहेत आणि ज्याच्यावर चांदा, हैदराबाद, रायपूर, जबलपूर अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत, त्याच्यावरून मी रोज जात-येत असे. अंतर ही गोष्ट येथून सुरू होते आणि दुसऱ्याच्या गावी जाऊन संपते, असे काहीसे माझ्या मनाने त्या दगडावरून घेतले असावे. निळ्या पेन्सिलीची शाळा ही सायकलीच्या टप्प्यात राहणाऱ्यांची शाळा होती. बाकीचे सारे पहिल्यापासून दूरस्थ विद्यार्थीच होते. धाडलेला मजकूर आणि छापलेला मजकूर यांच्यामधले जे अंतर, तोच त्यांचा धडा. आणि मी तीस वर्षे, स्वतःला ठाऊक नसता, त्यांचा मास्तर होतो.

साधनांविषयी काही सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यात पुष्कळ मौज आहे. पहिला अचंबा बोलून लिहिण्याचा. फोनला मराठी ऐकू येते, आणि जे ऐकू येते ते तो लिहून दाखवितो, हे कळताच शिलाईकाम करणाऱ्या बाईंनी मला नमस्कारच घातला, कारण त्यांना टंकाच्या कळा शोधण्यात बातमीहून अधिक वेळ लागत असे. पण या श्रोत्याचे कान पुण्यामुंबईचे असावेत. भंडाऱ्याकडे शेतावरच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि मोठ्या तलावाला मामा तलाव. यातला मामा कुणाचा नातलग नव्हे, माजी मालगुजारीचा तो संक्षेप आहे. एकदा एकाने सांगितले, 'गावची बोडी फुटली', आणि फोनने लिहिले, 'गावची बॉडी फुटली'. आता ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या मंडळालाही खेड्यात बॉडीच म्हणतात. ती बातमी तशीच गेली असती, तर सरपंचाच्या घरापुढे रात्री गर्दी जमली असती! आम्ही खूप हसलो. आणि हसणे ओसरल्यावर त्याच मनुष्याने बारीक आवाजात सांगितले, की तशी बॉडीही फुटायच्या बेतातच आहे, त्या बोडीच्याच कंत्राटावरून. पुढची वीस मिनिटे साधनांकडे कुणाचे लक्ष नव्हते.

दुसरे प्रकरण शासन निर्णयांचे. हे कागद सरकारच्या संकेतस्थळावर सर्वांस खुले आहेत, आणि विनामूल्य विद्येत याहून मोठी ठेव नाही, असे मी मोठ्या थाटात सांगितले. पुष्कळांनी ते उघडले, त्यातला परिच्छेद उचलून आपल्या बातमीत आणून टाकला, तो काय! ओळीच्या ओळी रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि उद्गारवाचके यांचा चिवडा. जुन्या मराठी टंकांत अक्षराचे रूप तेवढे देवनागरी असे, आतला संकेत इंग्रजी कळेचाच; वेष मराठी, पिंड परका. तो कागद आधी चित्र समजून यंत्राकडून वाचवून घ्यावा लागतो, तेव्हा कोठे त्यातली अक्षरे सुटी होतात. हे मी समजावून देत असता मला दप्तरखान्यातल्या मोडीवाचकांची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वीची मोडी वाचणारे मूठभर तरी लोक आज आहेत. वीस वर्षांपूर्वीचा शासन निर्णय वाचायला मात्र आम्हांला यंत्राची आर्जवे करावी लागतात. तरीही त्या बुधवारी कुरखेड्याच्या एकाने आपल्या गावच्या वनजमिनीविषयीचा एक कागद सबंध वाचून काढला, आणि वर्गात तो मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा तहसील कचेरीत तोच कागद मागण्यासाठी घातलेल्या आपल्या आठ खेपा त्याने बोटांवर मोजून सांगितल्या.

छायाचित्रांचा धडा २३ सप्टेंबर २०२३ नंतरच्या आठवड्यात आपोआपच आला. त्या पहाटे काही तासांत नागपुरावर शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि एरवी जिला नदी म्हणताना आम्हांला संकोच वाटतो ती नाग नदी काठच्या घरांत शिरली. माझ्या फोनवरही खऱ्या चित्रांबरोबर एक भलतेच चित्र येऊन पडले होते. मी ते वर्गापुढे ठेवले, आणि त्याचा उगम उलट शोधाने कसा लावावा, तारखेच्या मागे मागे कसे जावे, हे दाखविण्याच्या तयारीला लागलो. माझी साधने अजून उघडत होती, तोच देवरीचा छायाचित्रकार म्हणाला, "सर, हे आपल्याकडचं नोहे. गाड्या पहा ना, उजव्या हातानं चालून राहिल्या." मी पुन्हा पाहिले. खरोखरच त्या बुडालेल्या रस्त्यावरच्या गाड्या आपल्या उलट बाजूने रांगेत उभ्या होत्या. त्याला ते कोणी शिकविले नव्हते. तीस वर्षे लग्नाचे फोटो काढणाऱ्याची नजर ती. मी तरीही उलट शोध करून दाखविलाच, कारण तयारी केली होती.

'विनामूल्य' आणि 'फुकट' हे दोन शब्द कोशात शेजारी बसतील, व्यवहारात त्यांचे पटत नाही. माझ्या आजोबांनी वार लावून जेवून शिक्षण केले: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात अन्नदाते. ते सांगत, की अन्न कुठेच वाईट नव्हते, परंतु प्रत्येक उंबऱ्याशी पायांतली गती बदलत असे. आमचा वर्ग हा असाच वार लावून जेवणारा विद्यार्थी आहे. भेटावयाचे एका कंपनीच्या दारी, नकाशा दुसरीच्या, शोध तिसरीच्या, निरोप चौथीच्या. घरचा यजमान कोण आहे, आपल्या ताटातून त्याला काय मिळते, हे आपण विचारीत नाही. आणि एखाद्या दिवशी दार बंद दिसले तर पुढच्या दाराशी जातो. समाजमाध्यमांत एखादी अफवा कोठून कोठे गेली हे दाखविणारे क्राउडटँगल नावाचे एक साधन जगभरचे पत्रकार वापरीत असत. ते जिच्या मालकीचे होते त्या मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी ते मिटून टाकले. मी त्याच्यावर दोन बुधवार खर्च केले होते. विद्यार्थ्यांना वाईट वाटले नाही, मलाच वाटले. त्यांच्या गावाला एसटी येता येता बंद झाली होती, बँकेची शाखा उठून गेली होती, फोनचा मनोरा उभा राहून त्यात वीज आली नव्हती. आलेली गोष्ट जाते, याची त्यांना माझ्याहून अधिक सवय.

आता त्या 'परंतु'कडे येतो. वर्गात एक विद्यार्थी असा आहे, की ज्याचा कॅमेरा कधीच उघडत नाही. काळ्या चौकोनात त्याच्या नावाच्या जागी 'रेडमी ९ए' एवढेच लिहिलेले असते, कारण फोन नातवाचा आहे आणि नाव बदलण्याची युक्ती दोघांनाही सुचलेली नाही. मीही हजेरी घेताना "रेडमी आले का?" असेच विचारतो, आणि थोडा वेळ खरखर ऐकू येऊन "आहो जी" असे उत्तर येते. भामरागडच्या बाजूचे ते निवृत्त गुरुजी आहेत, एवढे मला पुढे कळले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे एकत्र येतात तिथे त्यांचे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले म्हणजे तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो, आणि गुरुजींचाही वर्गाशी. ते प्रश्न कधी विचारीत नाहीत.

त्या बुधवारी मी पडताळणीवर बोलत होतो. जे पडताळून पाहता आले नाही ते छापू नये. ज्याला तारीख नाही, ठिकाण नाही, दुसरा साक्षी नाही, तो मजकूर कितीही गोड असला तरी बाजूला ठेवावा, हे मी सांगितले, आणि त्यानंतर 'परंतु' म्हणालो. पुढे काय म्हणणार होतो ते मला तेव्हा पक्के माहीत होते. पडदा पडला.

तासाभराने फोनवर एक छायाचित्र आले. एका जाड हिशेबवहीच्या दोन समोरासमोरच्या पानांचे ते होते. डाव्या पानावर कार्बनची निळी प्रत, वळणदार शाळामास्तरी अक्षरांत. उजव्या पानावर चिकटविलेले वर्तमानपत्राचे कात्रण, पिवळे पडलेले, चार ओळींचे. पंचवीसेक वर्षांपूर्वीची बातमी. कात्रणातला मथळा मी पाहताक्षणी ओळखला, कारण असे मथळे मुफस्सल पानासाठी मीच रचीत असे: पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला. डाव्या पानावर मात्र पुष्कळ काही होते. पुलावर पाणी चढल्याने टपालवाला पैलतीरी अडकला आणि रात्रभर थैली पोटाशी धरून झाडाखाली बसला. सकाळी डोंग्यातून येताना थैली भिजली. मग शाळेच्या ओसरीवर सारी पत्रे एकेक करून वाळत घातली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून मुलांनी प्रत्येक पत्रावर एकेक चिंचोका ठेवला, आणि ज्यांची शाई पसरून गेली होती ती पत्रे कोणाची, हे गावाने एकत्र बसून मजकुराच्या उरल्यासुरल्या शब्दांवरून ओळखले. या सगळ्या भागाला तांबड्या शाईने कंस केला होता. समासात, त्याच शाईने, बहुधा तेव्हाच, तीन शब्द लिहिलेले होते: 'हे काहून गेले?'

मी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्या रात्री पानावर जागा नसेल. जाहिरात आली असेल. निळी पेन्सिल माझ्या कानावर येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले असतील. त्याला तारीख होती, ठिकाण होते, साक्षी तर सारे गाव होते. चिंचोक्यांची गोष्ट मी वाचली तरी होती का, की तिसऱ्या ओळीनंतर कागद टोपलीकडे वळविला, हे आठवण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. मला आठवला तो पाकिटाला येणारा ठेच्याचा वास तेवढा.

छायाचित्राच्या खाली गुरुजींनी, फोनला सांगून लिहविले असावे अशा थोड्या वेड्यावाकड्या मराठीत, लिहिले आहे की अशा वह्या एकंदर अकरा आहेत, वाळवीने दोन खाल्ल्या, बाकीच्या बऱ्या आहेत; बुधवारच्या वर्गात एकेक पान दाखविले तर चालेल काय, वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. आज मंगळवार आहे. मी उत्तर लिहावयास घेतो, दोन शब्द उमटतात, आणि ते मी खोडतो.